चित्त्यासाठी कुत्रा: नामिबियातल्या एका दत्तक योजनेचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पंच्याहत्तरीला साडी नाही, शाल नाही, एक प्रमाणपत्र पाठवलं. आजीच्या नावाने त्याने नामिबियातला एक प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेतला होता. चित्ते वाचवण्यासाठी, असं त्याने फोनवर सांगितलं. फोटो मात्र कुत्र्याचा. वाळूच्या रंगाचं अंग, काजळ फासल्यासारखं काळं तोंड, उंचीला वासराएवढा, आणि मागे शेळ्यांचा कळप. आईने मोबाइल जवळ-लांब करून दोनदा पाहिला. "चित्त्याचे पैसे घेतले आणि कुत्र्याचा फोटो दिला? पोराला फसवलं की कुणीतरी." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि ह्याला भाकरी कोण घालतं?"

आई माण तालुक्यातली. माहेरी दारात शेळ्या, पीक निघालं की रानात धनगरांचा वाडा बसायचा. त्यामुळे कुठलाही प्राणी दिसला की तिच्या डोक्यात आधी त्याच्या पोटाचा हिशेब येतो. तिच्या पहिल्या शंकेचं उत्तर मला साधारण ठाऊक होतं. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला बरंच वाचायला लावलं. या योजनेत पाहण्यासारखं जे काही आहे ते त्या भाकरीभोवतीच आहे, असं आता माझं मत झालंय.

चित्ता शेतात का राहतो

नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, आणि लोकसंख्या अख्ख्या देशाची मिळून तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहूनही कमी. उत्तर-मध्य भागात ओत्जिवारोंगो नावाचं गाव आहे. त्याच्या भोवती काटेरी झुडपांचं सपाट रान पसरलेलं आणि त्यात खासगी मालकीची, हजारो हेक्टरांची शेतं. शेत म्हटलं की आपल्याला ज्वारी-ऊस दिसतो. तिथे पाऊस इतका बेभरवशाचा, की गुरं, शेळ्या आणि मेंढ्या हेच पीक.

जगात रानटी चित्ते साधारण ७,१०० उरलेत, असा अंदाज २०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने मांडला. त्यांचा एक मोठा हिस्सा नामिबियात आहे, आणि नामिबियातल्या चित्त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास अभयारण्यांच्या बाहेर, या शेतांवर राहतात. हे ऐकायला उलटं वाटतं. पण चित्ता मांजरकुळातला बुजरा गडी. अंगाने सडपातळ, पळण्यासाठी घडवलेला, मारामारीत कच्चा. अभयारण्यात सिंह आणि ठिपकेवाले तरस असतात. ते त्याची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. शेतांवरचे सिंह-तरस शेतकऱ्यांनी पूर्वीच संपवले होते. वर गुरांसाठी ठिकठिकाणी पाणवठे केले, त्यावर कुडू आणि इतर हरणं यायला लागली. म्हणजे चित्त्याला लागेल ते सगळं शेतकऱ्यानेच नकळत मांडून ठेवलं, आणि मग चित्ता आला म्हणून तोच बंदूक घेऊन उभा राहिला.

१९८० च्या सुमारास परिस्थिती फार बिघडली. दुष्काळ पडला, त्याच काळात कुडूंमध्ये रेबीजची साथ पसरली आणि ते हजारोंनी मेले. रानातली शिकार घटल्यावर वासरांवर, शेळ्यांवर डोळा जाणारच. त्या दशकात वर्षाला आठशे-नऊशेपर्यंत चित्ते मारले किंवा पकडून हलवले जात होते. कायद्याने चित्ता संरक्षित होता, पण १९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशानुसार जनावरांना धोका असेल तर शेतकऱ्याला तो मारायची मुभा होती. आपल्यासारखं वनखात्याकडे अर्ज करून भरपाईची वाट बघत बसायची सोय त्या खासगी शेतकऱ्याला नव्हती. शेळी गेली की गेली.

पकडायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. या रानात काही झाडं चित्त्यांची ठरलेली असतात. तिरक्या खोडाची, चढायला सोपी. चित्ते त्यांवर चढतात, मूत्राचा वास सोडतात, विष्ठा टाकतात, आधी कोण येऊन गेलं ते हुंगतात. आपल्याकडे पारावर येऊन कोण आलं-गेलं याची खबर घेतात, तसलाच प्रकार. शेतकऱ्याला असं झाड सापडलं की तो त्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचा, एकच फट ठेवायचा आणि त्या फटीत पिंजरा लावायचा. आमिष लागायचं नाही. झाडापर्यंत पोचायच्या ओढीने चित्ता आपणहून आत शिरायचा, एकामागून एक, सगळं कुटुंब. यात वासरं मारणारा कोण आणि नुसता वाटेने जाणारा कोण, हे बघण्याचा प्रश्नच नव्हता.

आळ कुणावर, चोर कोण

लॉरी मार्कर या अमेरिकी प्राणीशास्त्रज्ञ १९७७ मध्ये पहिल्यांदा तिथे गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ओरेगॉनच्या प्राणी उद्यानात वाढलेली खयाम नावाची चित्त्याची मादी होती. पिंजऱ्यात जन्मलेल्या चित्त्याला शिकार शिकवता येते का, हे बघायचं होतं. तिथे त्यांना जे दिसलं ते वेगळंच होतं. शेतकरी चित्त्याला सरळ उपद्रवी प्राणी समजत होते. १९९० मध्ये मार्कर यांनी चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था स्थापन केली. ओत्जिवारोंगोपासून सुमारे ४४ किलोमीटरवर, वॉटरबर्गच्या पठाराजवळ तिचं केंद्र आहे.

मला त्यांची सुरुवात आवडते. अभयारण्य काढा, कायदा कडक करा, असं म्हणण्याआधी त्यांनी शेतांवर जाऊन, शेतकऱ्यांच्या ओसरीत बसून विचारलं: किती जनावरं गेली, कशाने गेली, तुम्ही काय केलं? आणि दुसरीकडे चित्त्यांची विष्ठा गोळा करून तिच्यातले केस तपासले. पाळीव जनावरांचे केस सुमारे ६ टक्के नमुन्यांत निघाले. बाकी सगळी रानातली शिकार.

मग शेतकरी खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून तो दिसतो. रात्री येणारा बिबट्या, कोल्हा किंवा कॅराकल नावाचं रानमांजर दिसत नाही. सकाळी वाड्यात दोन करडं कमी आणि काल दुपारी तारेजवळ चित्ता दिसलेला, तर आळ कुणावर जाणार? शिवाय रोगाने मेलेलं, विताना अडलेलं, चोरीला गेलेलं जनावरसुद्धा याच खात्यावर जमा व्हायचं.

म्हणून संस्थेने शेतकऱ्यांना जे पहिलं शिकवलं ते म्हणजे मेलेलं जनावर वाचायला. आपल्याकडे वनरक्षक पंचनामा करतो, तसा शेतकऱ्याने स्वतःच करायचा. कातडं सोलून बघायचं. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर कातड्याखाली रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर कुणी लचके तोडले असतील तर ते दिसत नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला दातांच्या खुणा आणि श्वास कोंडून मेलेलं जनावर, मांस खाल्लेलं पण मोठी हाडं तशीच, तर चित्ता. ओढत नेल्याची फरफट असेल, धड लपवलेलं किंवा झाडावर असेल, तर बिबट्या. चित्ता सहसा दुसऱ्या दिवशी त्याच शिकारीवर परत येत नाही, त्यामुळे मढ्याशेजारी पिंजरा लावून जो सापडतो तो बहुधा भलताच असतो. ही माहिती एखाद्या कायद्यापेक्षा जास्त कामाची ठरली असेल, असं माझं मन सांगतं. चोर कोण ते कळल्यावर माणूस निदान दिसेल त्याच्यावर बंदूक रोखत नाही.

काळ्या तोंडाचा राखणदार

आळ कमी झाला तरी खरं नुकसान उरतंच. त्यासाठी १९९४ मध्ये कुत्रे आले. मूळचे तुर्कस्तानातल्या अनातोलियाचे, अनातोलियन शेफर्ड किंवा कंगाल म्हणून ओळखले जाणारे. तिथे लांडगे आणि अस्वलांपासून मेंढ्या राखण्यासाठी ते शेकडो वर्षं वापरात आहेत. वजन पन्नास-साठ किलोपर्यंत. आखूड केस, उन्हाला टिकणारे, माणसाच्या हुकमाची वाट न बघता स्वतः निर्णय घेणारे.

मेंढ्या हाकणारा कॉलीसारखा कुत्रा वेगळा आणि हा वेगळा. हा कळप हाकत नाही, कळपात राहतो. पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं झालं की शेळ्यांच्या वाड्यात जातं. तिथेच झोपतं, शेळ्यांचा वास अंगाला लागतो, करडं त्याच्या पाठीवर उड्या मारतात. माणसाने फार लाडावायचं नाही, घरात घ्यायचं नाही, मुलांशी खेळू द्यायचं नाही. त्याला घर म्हणजे कळप वाटलं पाहिजे. मोठा झाला की तो शेळ्यांबरोबर रानात जातो, उंचवट्यावर उभा राहतो, वारा हुंगतो. काही हललं की कळप आणि त्या गोष्टीच्या मधे जाऊन उभा राहतो आणि भुंकतो.

बहुतेक वेळा एवढंच पुरतं. चित्त्याला जखम परवडत नाही. पाय दुखावला तर पळणं संपलं आणि पळणं संपलं की उपाशी मरण. म्हणून समोर साठ किलोचं भुंकणारं धूड दिसलं की तो वाट बदलतो. कुत्र्याने चित्त्याशी झुंजावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. दोघं एकमेकांना न भिडता संध्याकाळी आपापल्या ठिकाणी पोचले, तर काम फत्ते.

भाकरीचा प्रश्न

आता आईचा प्रश्न. प्रायोजकाच्या पैशाने कुत्रा आयुष्यभर पोसला जातो, असा माझाही समज होता. तसं नाही. पिल्लू ज्याच्या शेतावर जातं तो शेतकरीच त्याला खायला घालतो. देण्याआधी करार होतो: नीट खाऊ घालीन, कामाला लावीन, आजारी पडला तर कळवीन, हेळसांड दिसली तर कुत्रा परत नेला जाईल. प्रायोजकाचा पैसा लागतो तो त्याच्या आधी आणि त्याच्या भोवती. माद्यांची देखभाल, पिल्लांचं संगोपन, लसी, जंतनाशक, नसबंदी, आणि त्यानंतरच्या भेटी. कुत्रा दिल्यावर काही महिन्यांनी, मग वर्षाने, मग वेळोवेळी संस्थेची माणसं गाडी काढून जातात. वजन बघतात, कान-पंजे बघतात, शेतकऱ्याशी बोलतात. अंतरं बघता नुसत्या डिझेलचा खर्चच किती असेल याचा अंदाज करा. प्रमाणपत्रावर डिझेलचा फोटो छापता येत नाही, एवढंच.

मोठ्या खासगी शेतकऱ्याला कुत्र्याचं खाणं जड जात नाही. सामूहिक जमिनींवर वीस-तीस शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे घरातली माणसंच मक्याच्या पिठावर दिवस काढतात, आणि मक्याच्या उकडीवर साठ किलोचा कुत्रा दिवसभर रान तुडवू शकत नाही. उपाशी कुत्रा कळप सोडून सशामागे, हरणामागे जातो. म्हणजे ज्याला राखायला ठेवला तोच शिकारी होतो. हरणांमागे धावण्याची ही खोड या योजनेतली सर्वांत चिवट अडचण मानली जाते, आणि तिच्यावर उपायही नुसता प्रशिक्षणाचा नाही. एक उपाय पोटभर खाण्याचा, दुसरा कळपाबरोबर चालणाऱ्या गुराख्याचा. गुराखी बरोबर असला, हाक मारून परत बोलावणारा असला, की कुत्रा ताळ्यावर राहतो. कळप आणि कुत्रा रानात सोडून मालक गावात गेला, तर महागातला महाग कुत्राही बिघडतो.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

१९९४ पासून २००१ च्या अखेरीपर्यंत संस्थेने १४३ पिल्लं शेतांवर दिली. आजवरचा आकडा सहाशेच्या वर गेला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्रा आल्यापासून नुकसान खूप कमी झालं असं ७३ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं.

या आकड्याकडे थोडं डोळसपणे बघायला हवं. हे शेतकऱ्यांनी सांगितलेलं आहे, शेळ्या मोजून काढलेलं नाही. ज्याला फुकटात किंवा जुजबी पैशात चांगला कुत्रा मिळालाय तो वाईट कशाला बोलेल, असं कुणीही म्हणेल. पण इथे मला शेतकऱ्याचं मतच महत्त्वाचं वाटतं. बंदुकीचा चाप ओढायचा की नाही, हे शेळ्यांच्या अचूक मोजणीवर ठरत नाही. आपलं नुकसान आटोक्यात आहे, अशी त्याची भावना आहे की नाही, यावर ठरतं. चित्त्याच्या दृष्टीने तो ७३ टक्क्यांचा समज हाच निकाल आहे.

दुसरी बाजू कमी सांगितली जाते. कुत्रे मरतात, आणि बरेच लवकर मरतात. साप, गाड्या, शेतावरचे अपघात. हरणांमागे जातो म्हणून काही कुत्रे खुद्द मालकानेच मारले. आणि हे कुत्रे नुसते भुंकतात असंही नाही. २०१६ च्या एका अभ्यासात आढळलं की बऱ्याच कुत्र्यांनी काळ्या पाठीचे कोल्हे मारले, काहींनी बबून माकडं मारली, एका कुत्र्याने तर चित्ताच मारला. शेतकऱ्यांनी स्वतः मारलेले प्राणी कमी झाले, पण कोल्ह्यांपुरतं बोलायचं तर शेतकरी आणि कुत्रे मिळून मारलेल्यांची संख्या वाढलीच. चित्त्याला वाचवणारा कुत्रा कोल्ह्यासाठी काळ ठरला. कोल्हे तिथे मुबलक आहेत, त्यामुळे संवर्धनाच्या हिशेबात हे चालून जातं. पण प्रमाणपत्र घेणाऱ्याला हेही कळलं पाहिजे, असं माझं मत.

आणखी एक मर्यादा साधी आहे. कुत्रा शेळ्या-मेंढ्यांना राखतो, कारण त्या एकत्र चरतात आणि रात्री वाड्यात येतात. हजारो हेक्टरांवर विखुरलेल्या गायींना कुत्रा कुठून पुरणार? तिथे गाभण गायी घराजवळच्या कुंपणात ठेवणं, सगळ्या एकाच हंगामात वितील असं बघणं, कळपात गाढव किंवा शिंगाळ गाय ठेवणं, असे उपाय सुचवले गेले. यातला सर्वांत सुंदर उपाय मात्र जर्मनीच्या लायब्निझ संस्थेच्या संशोधकांनी दाखवला, २०२० मध्ये. त्यांनी चित्त्यांना गळपट्टे बांधून बघितलं, की ती हुंगायची झाडं रानभर सारखी पसरलेली नसतात. ती काही ठरावीक पट्ट्यांत एकवटलेली असतात, आणि चित्त्यांची सारी वर्दळ त्याच पट्ट्यांत. शेतकऱ्यांनी लहान वासरांचे कळप त्या पट्ट्यांबाहेर हलवले, तर वासरांचं नुकसान ८६ टक्क्यांनी घटलं. ज्या झाडांच्या आधारे पूर्वी पिंजरे लावायचे, त्याच झाडांच्या आधारे आता वासरं कुठे चारायची नाहीत ते ठरतं. यासाठी कुठलाही प्राणी दत्तक घ्यावा लागत नाही. त्यामुळे याची जाहिरातही कुणी करत नाही.

दत्तक कुणाला

मराठीत 'दत्तक' हा शब्द जरा जडच आहे. दत्तक म्हटलं की नाव लागतं, वारसा येतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी दत्तक योजना आहे. ठरलेली रक्कम भरून वाघ, बिबट्या वर्षभरासाठी दत्तक घेता येतो. ते पैसे त्या बंदिस्त प्राण्याच्या खाण्यापिण्याला, औषधपाण्याला लागतात. चांगली गोष्ट आहे. पण त्याने रानातला बिबट्या वाचतो असं म्हणता येत नाही, आणि योजना तसं म्हणतही नाही.

नामिबियातही आश्रयाला आलेल्या अनाथ चित्त्यांचं प्रायोजकत्व घेता येतं. बहुतेक लोक चित्ताच निवडत असतील, कारण चित्त्याचा चेहरा बघून पाकीट उघडतं. माझ्या भाच्याने कुत्रा निवडला. का, असं विचारल्यावर म्हणाला, "मामा, कुत्रा स्वस्त होता." कारण काहीही असो, निवड बरोबर होती. पिंजऱ्यातल्या चित्त्यावर खर्च केलेला रुपया एका चित्त्याचं आयुष्य सुसह्य करतो. शेतावरच्या कुत्र्यावर खर्च केलेला रुपया, तो कुत्रा टिकला तर, त्या शेतातून जाणाऱ्या सगळ्याच चित्त्यांवरची बंदूक खाली ठेवायला लावतो. दोन्ही हवंच, पण दोन्हीला एकच नाव देऊ नये.

संस्थेने पैसा एकाच खुंटीला टांगलेला नाही, हेही नोंदवायला हवं. केंद्रावर तिची स्वतःची आदर्श शेती आहे. तिथे शेळ्या-मेंढ्या पाळल्या जातात, आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं जातं. शेळीच्या दुधाचं चीज बनवून विकलं जातं, त्या डेअरीचं नाव डान्सिंग गोट, म्हणजे नाचरी शेळी. माजलेली काटेरी झुडपं तोडून, दाबून, त्यांचे सरपणाचे ओंडके करायचा उद्योगही आहे. झुडपं दाटली की चित्त्याला पळायला जागा उरत नाही, काट्यांनी डोळे जखमी होतात. शेळीने झुडपं खावीत, माणसाने ती जाळावीत आणि मोकळ्या झालेल्या रानात चित्त्याने पळावं, असा तो एकूण बेत.

महाग परदेशी जातीचाच कुत्रा हवा का, हा प्रश्न मला सारखा पडत होता. त्याचं उत्तर शेजारच्या बोत्स्वानात सापडतं. तिथे चित्त्यांसाठीच काम करणाऱ्या संस्थेने गावठी त्स्वाना कुत्रे कळपात वाढवून पाहिले. ते कामाला चांगले निघाले, खायला कमी लागलं, आणि स्थानिक हवेत टिकले. फोटोत ते तितके रुबाबदार दिसत नाहीत, हे खरं.

आपल्या माळावरून बघताना

हे प्रकरण मराठी माणसाला अगदीच परकं नाही. कोल्हापूर संस्थानात काळवीटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी जे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले, ते याच नामिबियातून, याच संस्थेच्या मदतीने. पुढे कुनोचे चित्ते उद्यानाची हद्द ओलांडून गावांच्या शिवारात जायला लागले, शेळ्या-वासरांवर हल्ले झाले, कुठे गावकऱ्यांनी दगड मारले तर कुठे पाणी पाजलं. ओत्जिवारोंगोच्या शेतकऱ्यासमोरचा प्रश्न आता कुनोच्या श्योपूर जिल्ह्यातल्या शेळीवाल्यासमोर आहे.

मग इकडेही कुत्रे आणावेत? इथे मी जरा थांबेन. नामिबियात मैलोगणती माणूस नाही, आपल्याकडे गावागावात मोकाट कुत्री आहेत. २०१८ मध्ये गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपरच्या साथीत वीसहून जास्त सिंह दगावले. हा आजार कुत्र्यांतून रानातल्या प्राण्यांकडे जाऊ शकतो. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. लस आणि नसबंदी न करता राखणीच्या नावाखाली आणखी कुत्रे रानात सोडले, तर ज्याला वाचवायचं त्याच्याच मुळावर यायचं. नामिबियाकडून काही घ्यायचंच असेल तर आधी तो करार घ्यावा, त्या फेऱ्या घ्याव्यात, मेलेलं जनावर वाचायचं शिक्षण घ्यावं. कुत्रे आपल्याकडे आहेतच. धनगरांच्या वाड्यावर रात्री गेलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं मी आईला थोडक्यात सांगितलं. भाकरी तिथला शेतकरीच घालतो, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक. फुकटचं खाणारं कुत्रं राखत नसतं." मग तिने परत फोटो मागितला आणि बराच वेळ त्यातलं काहीतरी शोधत राहिली.

"शेळ्या राखणारा कुठाय?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. कुत्रा, शेळ्या, काटेरी झुडपं, आभाळ. डाव्या कडेला, कापलेल्या चौकटीत, एक काठी आणि ती धरलेली चार बोटं दिसत होती.